वणीला पहिल्यांदा जातेस, तर आधी काउंटरवरचा माणूस बघ

तुझा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षं नागपुरात फोनवरून काम केलंस, तिथली हॉटेलं ठरलेली, ऑटोवालाही ठरलेला. आता नोव्हेंबरात चार दिवस वणीला आणि जमलं तर तिथून हिंगणघाटला जायचं म्हणतेस. ओळखीचं कुणी नाही. कुठल्या भागात उतरायचं, लॉज कसा निवडायचा, आणि स्टँडजवळचं स्वस्त घ्यायचं की दोन-तीनशे जास्त मोजायचे, हे विचारतेस.

मी १९ वर्षं हा देहविक्रीचा धंदा केला. त्यातली निम्मी फिरस्तीवर गेली: अकोट, पुसद, पांढरकवडा, वणी, बल्लारपूर. आता सात वर्षं झाली, बायकांमध्ये पीअर म्हणून, म्हणजे धंद्यातल्याच बाईने बाकीच्यांना मदत करायची, असं काम करते. निरोध वाटते, तपासणीला नेते, कुणाला पोलिसांनी उचललं तर रात्री चप्पल घालून निघते. त्यामुळे खाली जे लिहिते त्यातलं निम्मं माझ्या अंगावरून गेलेलं आहे आणि निम्मं बायकांनी येऊन सांगितलेलं.

नागपूरची सवय घरीच ठेवून जा. तिथे तू हातात बॅग घेऊन सीताबर्डीत उभी राहिलीस तरी कुणी मान वळवत नाही. तालुक्याच्या गावात बसमधून उतरल्यापासून पानठेल्यापर्यंत तुला दहा जणांनी पाहिलेलं असतं. त्यातल्या दोघांनी "हे कोणाकडची पाहुणी बापा?" असं एकमेकांना विचारूनही झालेलं असतं. म्हणून लॉजच्या आधी गाव निवडायचं. जिथे परका माणूस दिसला तर नवल वाटत नाही, असं गाव.

या हिशोबाने वणी बरं आहे. वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खाणी आहेत, जिनिंग आहेत, ट्रान्सपोर्टवाले आहेत. कापसाच्या हंगामात व्यापारी, ठेकेदार, मशीन दुरुस्तीवाले रोज येतात-जातात. काउंटरवरच्या माणसाला अनोळखी नाव लिहायची सवय असते. घुग्घुस, बल्लारपूर, गडचांदूर इकडेही तसंच, कोळसा नाहीतर सिमेंट. याउलट ज्या गावात एकच लॉज, तोही मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, तिथे जाऊ नकोस. गिऱ्हाईक कितीही सांगो, "आमच्या गावात काही टेन्शन नाही." टेन्शन त्याला नसतं.

शेगावला दर्शनाला जायचं, कामाला नाही. तिथे गल्लोगल्ली भक्त उतरलेले असतात, आणि माझं स्वतःचंही मन होत नाही, हे खरं सांगते. चिखलदरा आणि ताडोब्याच्या बाजूची रिसॉर्टं फोटोत छान दिसतात. पण रात्री दहाला तिथून बाहेर पडायचं ठरवलंस तर काय? ना बस, ना काळीपिवळी, बऱ्याच जागी नेटवर्क नाही, आणि रस्त्यावर खरोखरचा वाघ. जिथून आपल्या पायाने निघता येत नाही ती जागा कितीही पॉश असो, आपल्या उपयोगाची नाही. गडचिरोलीकडे तर परक्या माणसाची चौकशी वेगळ्याच कारणाने होते. तिकडे नको.

आता हिंगणघाट. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे तुला माहीत असेल, पण ती लॉज निवडताना किती आड येते हे नागपुरात बसून कळत नाही. वर्धा आणि गडचिरोली हे दोन जिल्हे कोरडे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या सहा वर्षांत चंद्रपूरकडचे शौकीन नदी ओलांडून वणीला यायचे. त्यामुळे वणीचे लॉज गजबजलेले आणि पिणारे बेताल, असा तो काळ होता. कोरड्या जिल्ह्यात उलटं होतं. गिऱ्हाईक बाटली लपवून आणतो. पोलिस लॉज तपासायला येतात ते दारूसाठी, आणि सापडतेस तू. बाटली त्याची, पण रूम तुझ्या नावावर. तेव्हा हिंगणघाटला जायचंच असेल तर फोनवरच सांग, बाटली आणली तर दार उघडणार नाही. त्याने "थोडीशीच" म्हटलं तर तो येणार नाही असं धरून चाल.

गाव ठरलं. आता गावातला भाग.

एसटी स्टँडला अगदी चिकटून असलेले लॉज मी घेत नाही. तिथे रात्रभर ये-जा, खाली दारूचं दुकान, आणि सणाच्या नाहीतर निवडणुकीच्या आधी पोलिसांची पहिली फेरी तिथेच. पण म्हणून बायपासवर, शेताच्या कडेला, ढाब्याच्या मागे नवीन झालेला "फॅमिली रेस्टॉरंट अँड लॉजिंग"ही घेऊ नकोस. तिथे ओरडलीस तर ट्रकच्या आवाजात जिरतं. मधली जागा बघ. स्टँडपासून पायी दहा मिनिटं, बाजाराच्या रस्त्यावर, खाली कापडाचं नाहीतर हार्डवेअरचं दुकान, समोर रात्री अकरापर्यंत चालू असणारं मेडिकल किंवा चहाची टपरी. अशा ठिकाणी बाईमाणूस दुकानाकडे जातंय की जिन्याकडे, कुणाच्या लक्षात येत नाही. आणि गरज पडली तर खाली माणसं असतात.

त्यात कायद्याचीही एक अडचण आहे. पोलिस ज्याला "पिटा" म्हणतात त्या १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यात देऊळ-मशिदीसारखी प्रार्थनास्थळं, शाळा-कॉलेज, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून २०० मीटरच्या आत धंदा करणं गुन्हा आहे, आणि त्यात बाईलाही शिक्षा आहे. तालुक्याच्या गावात २०० मीटरमध्ये मारुतीचं देऊळ नाही अशी जागा शोधून दाखव. त्यामुळे हा नियम पूर्ण पाळणं तिथे जवळपास अशक्य आहे, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण निदान लॉजच्या खालीच ट्यूशन क्लास आणि शेजारी प्रसूतिगृह, अशी जागा तरी घेऊ नकोस. आणि रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बघणं पूर्ण बंद. त्याला वेगळं कलम आहे.

मुख्य गोष्ट काउंटरवरची. खोली कशीही असली तरी चार दिवस काढता येतात. काउंटरवरचा माणूस चुकला तर चार तास काढता येत नाहीत.

जायच्या दोन दिवस आधी फोन कर आणि साधं विचार, "एकट्या बाईला रूम मिळेल का?" उत्तर तीन प्रकारचं येतं. एक, "आधार आणा, मिळेल." हा कामाचा माणूस. दुसरा विचारतो, "कोणत्या कामाने येता, सोबत कोण, गावात कोणाकडे?" हा वाईट असेलच असं नाही, शाळा तपासायला येणाऱ्या बाईला तो चांगलाही वाटेल, पण तो दिवसभर तुझ्या दारावर लक्ष ठेवणार. तिसरा एकदम गोड होतो, "या ना मॅडम, सगळी सोय करून देतो." फोन ठेव आणि नंबर ब्लॉक कर. हा सोय स्वतःची करतो. पहिल्या रात्री गिऱ्हाईक पाठवेल, दुसऱ्या रात्री टक्का मागेल, तिसऱ्या रात्री टक्का कमी पडला म्हणून कुणाला तरी फोन लावेल. आणि धाड पडली की तोच साक्षीदार होतो. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. कायद्यातही कमिशन खाणं, जागा पुरवणं हेच मोठे गुन्हे आहेत, म्हणून अडचण आली की तो सगळं तुझ्यावर ढकलायला बघतो.

कशासाठी आलीस असं विचारलं तर फार रंगवून खोटं बोलू नकोस. माझी एक मैत्रीण विमा एजंट म्हणून सांगायची. पुसदकडच्या एका मॅनेजरने संध्याकाळी बायको-पोरांना घेऊन दारावर टकटक केली, पॉलिसी काढायची होती! बचत गटाचं ट्रेनिंग वगैरेही सांगू नकोस. त्या ऑफिसातल्या बाया गावात सगळ्यांना माहीत असतात. "खाजगी काम आहे, चार दिवस" एवढं पुरतं. आवाज स्थिर ठेव.

आणखी एक विचारून घे: कुणी भेटायला आलं तर वर सोडता का, नोंद करता का? नवीन पोरींना नोंद करणारा लॉज नको असतो, गिऱ्हाईक बिचकतात म्हणून. माझं मत उलटं आहे. ज्याने खाली वहीत नाव-नंबर लिहिला तो वर येऊन माजत नाही. नाव लिहायच्या भीतीने जो पळाला, त्याला पळू दे.

शक्यतो राहायची जागा आणि कामाची जागा वेगळी ठेव. दिवसभर ज्या लॉजवर तू आंघोळ करतेस, जेवतेस, झोपतेस तिथे चार दिवसांत आठ जण चढले-उतरले की रूमबॉयला शिकवावं लागत नाही. जुनं, खात्रीचं गिऱ्हाईक स्वतः चंद्रपूरला बऱ्या हॉटेलात रूम घेत असेल तर तिथे जाऊन ये. वणीहून चंद्रपूर काही लांब नाही. पण गिऱ्हाइकाची जागा म्हणजे हॉटेलच. "शेतावर चल, मस्त बंगला आहे", "साइटवर माझी केबिन आहे", "जिनिंगच्या गेस्टरूमवर कुणी नसतं" — तिन्हीला नाही म्हण. "कुणी नसतं" हे ऐकलं की मला अजून घाम फुटतो. त्याच्या गाडीतही नको.

आता खोली. पैसे द्यायच्या आधी खोली बघायला माग. देत नसतील तर दुसरा लॉज.

इकडचे लॉज उन्हाळ्यासाठी बांधलेले असतात हे तुझ्या लक्षात आलंय का? खिडकी बाहेरच्या गॅलरीत उघडते, तिला कूलर लावलेला. हिवाळ्यात कूलर काढून त्या भगदाडावर पुठ्ठा नाहीतर प्लायवूड ठोकतात. गॅलरीतून कुणीही तो पुठ्ठा बोटाने सरकवू शकतो. तू नोव्हेंबरात जातेस, म्हणजे तुला पुठ्ठाच मिळेल. हाताने दाबून बघ. हलत असेल तर रूम बदल, नाहीतर आतून पलंगाची चादर दुहेरी करून बांध.

उन्हाळ्यात धोका वेगळा. एका मे महिन्यात, गावाचं नाव नको, मी अशाच एका लॉजवर होते. कूलर इतका मोठ्याने घरघरत होता की फोनची रिंग ऐकू येत नव्हती. एकाशी बोलणं झालं होतं, दारात दोघं उभे. मी दार लोटायला गेले तर कडी खालून तुटलेली, नुसती लोंबत होती. मी संध्याकाळी पाहिली होती आणि "होईल उद्या दुरुस्त" म्हणून सोडून दिली होती. ओरडले, पण कूलरपुढे माझा आवाज माझ्याच कानाला येईना. शेवटी हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं. कूलर थांबला आणि माझं ओरडणं एकदम सगळ्या मजल्यावर गेलं. शेजारच्या खोल्यांत लग्नाचं वऱ्हाड होतं, चार बाया बाहेर आल्या. ते दोघं जिन्याने उतरून गेले. त्या बायांनी मला काही विचारलं नाही, पाणी दिलं. त्या दिवसापासून मी रूम घेताना पलंग पंख्याच्या नाही, बटणांच्या बाजूला ओढून घ्यायची.

तेव्हापासून बॅगेत एक लाकडी पाचरही ठेवते. सुताराकडे तुकडा फुकट मिळतो, एका बाजूने निमुळता करून घ्यायचा. दार लावून खालच्या फटीत पायाने ठोकली की आत उघडणारं दार बाहेरून चार माणसांना सहज हलत नाही. शंभर मोबाईल ॲपपेक्षा ती पाचर बरी. कडी आतून लागते का, बाथरूमला वेगळी कडी आहे का, दुसऱ्या बाजूने जिना आहे का, एवढं बघ. छुप्या कॅमेऱ्याची पोरींना फार भीती असते. आरसा, सेट-टॉप बॉक्स, नको त्या जागी लावलेला चार्जर यांवरून दिवा बंद करून टॉर्च फिरव, दोन मिनिटांचं काम आहे. पण गिऱ्हाइकाने खिडकीत उभा करून ठेवलेला स्वतःचा मोबाईल हाच जास्त वेळा कॅमेरा निघतो. मोबाईल पालथा, टेबलावर, तुझ्या नजरेसमोर.

मजला पहिला घे. तळमजल्यावर खिडकीतून डोकावतात, तिसऱ्यावरून पळता येत नाही.

ओळखपत्र खरंच द्यायचं. खोटं आधार दिलंस तर आतापर्यंत नसलेला गुन्हा तू स्वतः तयार केलास. पण झेरॉक्स मास्क केलेल्या आधारची दे, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारच्या वेबसाइटवरून निघतं. मतदान कार्ड किंवा लायसन्सही चालतं. झेरॉक्सवर आडवी रेघ मारून लॉजचं नाव आणि तारीख लिही, म्हणजे ती दुसरीकडे फिरत नाही. आणि गिऱ्हाइकाकडून यूपीआयने पैसे घेत असशील तर लक्षात ठेव, त्याला तुझं बँकेतलं खरं नाव दिसतं. मी रोखच घ्यायला सांगते. रोज सकाळी बँकेच्या मशीनमध्ये भरून टाक, खोलीवर हजार-पंधराशेच्या वर ठेवू नकोस.

तुझ्याबरोबर धंद्यातली दुसरी एक येणार म्हणालीस. चांगलं आहे, एकटीपेक्षा दोघी बऱ्या. पण एका खोलीत दोघींनी काम करू नका. पिटामध्ये कुंटणखान्याची व्याख्या अशी आहे की दोन बायकांनी मिळून एकमेकींच्या फायद्यासाठी जागा वापरली तरी ती त्यात बसते. पैसे वाचवायला घेतलेली एक खोली मग महागात पडते. वेगवेगळ्या खोल्या घ्या, जमलं तर वेगवेगळे लॉज, आणि एकमेकींचे पहारेकरी व्हा. गिऱ्हाईक वर यायच्या आधी तिला त्याचा नंबर आणि वेळ पाठवायची. वेळ संपली की ती फोन करणार. तू "आईची गोळी दिली का?" म्हणालीस तर सगळं ठीक. दुसरं काहीही म्हणालीस तर ती तुझ्या लॉजच्या काउंटरवर जाऊन नातेवाईक म्हणून आरडाओरडा करणार आणि ११२ लावणार. ठीक असल्याचं वाक्य ठरवायचं, संकटाचं नाही. घाबरलेल्या माणसाला ठरलेलं वाक्य आठवत नाही.

पोलिस आलेच तर. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, खाजगीत हे काम करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात पोलिसांनी आपल्याशी सन्मानाने वागावं असं सांगितलंय, आणि पर्समध्ये निरोध सापडला म्हणून तो पुरावा धरायचा नाही असंही. त्याच्याही आधी, २०२० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान बायकांना सोडायला लावलं होतं. झडतीच्या वेळी किमान दोन महिला पोलिस असायला हव्यात आणि तुझी चौकशी महिला पोलिसानेच करायला हवी. हे सगळं तालुक्याच्या ठाण्यावर रात्री बारा वाजता कुणी तुला वाचून दाखवणार नाही. तिथे भांडू नकोस. नाव खरं सांग, वय सांग, मर्जीने आले म्हणून सांग, न वाचता सही करू नकोस, आणि वकील मागायचा म्हणून सांग. बाईला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १५१०० या नंबरवर फोन लागतो. माझा नंबर कागदावर लिहून ठेव. मोबाईल पहिल्यांदा तोच काढून घेतात.

एक गोष्ट मात्र डोळ्याआड करायची नाही. शेजारच्या खोलीत लहान पोरगी दिसली, किंवा कुणाला कोंडून ठेवलंय असं वाटलं, तर लगेच १०९८ (मुलांची हेल्पलाइन) नाहीतर ११२. आपलं नाव सांगावं लागत नाही. त्यानंतर त्या लॉजवर थांबू नकोस.

दवाखान्याचं थोडक्यात. निरोध फाटला किंवा कुणी जबरदस्ती केली तर ७२ तासांच्या आत एचआयव्ही टाळायच्या गोळ्या सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं. वणीला असशील तर यवतमाळपेक्षा चंद्रपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज जवळ पडतं, हिंगणघाटहून सेवाग्राम. काही अडलं तर १०९७ वर, एड्सच्या हेल्पलाइनला, विचार. निरोध मात्र इथूनच पुरेसे घेऊन जा. तिथल्या मेडिकलमध्ये एका बाईने चार पाकिटं मागितली की ती बातमी तुझ्याआधी लॉजवर पोचते.

नोव्हेंबर निवडलास ते बरं केलंस. दिवाळीनंतर कापूस बाजारात येतो, हातात पैसा असतो, आणि व्यापारी, अडते यांच्यामुळे लॉज भरलेले असतात, त्यामुळे तू वेगळी दिसत नाहीस. फक्त त्याच दिवसांत लग्नंही सुरू होतात, एखाद्या तारखेला गावातली प्रत्येक खोली वऱ्हाडाने घेतलेली असते. तारीख बघून फोन कर. निवडणूक लागली असेल तर पुढे ढकल, त्या दिवसांत लॉजच्या वह्या रोज तपासतात.

नागपूरहून सकाळची बस घे, वरोऱ्यामार्गे दुपारी पोचशील. बाईमाणसाला एसटीला अर्धं तिकीट आहेच. उजेडात उतर, बॅग चहाच्या हॉटेलात ठेवून दोन लॉज पायी बघून ये, मग ठरव. परतीची शेवटची बस आणि शेवटची काळीपिवळी किती वाजता, ते कंट्रोल केबिनला विचारून हातावर लिहून ठेव. पहिल्या रात्री काम ठेवू नकोस. खोलीत नुसती झोप, जिन्यावर कुणाचे पाय वाजतात ते ऐक, सकाळी रूमबॉयला चहा सांगून बघ तो दार वाजवतो की सरळ ढकलतो.

सरळ ढकललं तर सामान उचल. रूम घेतलीस की लॉजचं नाव आणि खोली नंबर मला पाठव. गुरुवारी मी कॅम्पला असते, फोन उशिरा उचलेन, पण मेसेज बघते.